विषय वजा जाता काय उरतं? सुवर्णकमळाच्या पाच मराठी चित्रपटांचा आढावा

चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्या मराठी प्रेक्षकाला कसा वाटला म्हणून विचारा. दहातले सहा जण सांगतील, 'विषय चांगला आहे.' परीक्षणांतही हेच वाक्य असतं, फक्त जरा लांबवलेलं: संवेदनशील विषय समर्थपणे हाताळला आहे वगैरे. सरकारी पारितोषिकं देणारी परीक्षक मंडळं याच मातीतली असल्यामुळे त्यांचाही कल विषयाकडे झुकतो, यात नवल नाही. म्हणूनच राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट ठरलेल्या पाच मराठी चित्रपटांची प्रतवारी लावायला बसलो तेव्हा मी एक साधी कसोटी घेतली. चित्रपटाचा विषय दोन वाक्यांत सांगून टाकायचा, तो हिशेबातून वजा करायचा आणि मग पडद्यावर काय उरतं ते पाहायचं. या कसोटीवर पाचांपैकी एक चित्रपट फार उंच जातो, एक अनपेक्षितपणे टिकतो, एक अर्ध्या वाटेवर थकतो आणि दोघांची अडचण होते.

ते पाच म्हणजे 'श्यामची आई', 'श्वास', 'देऊळ', 'कोर्ट' आणि 'कासव'. पहिला १९५३ चा, शेवटचा २०१६ चा. सत्तरहून अधिक वर्षांच्या यादीत पाच हा आकडा लाज वाटावी असा नाही, पण मिरवावा असाही नाही. एकट्या सत्यजित राय यांच्या सहा चित्रपटांना हा मान मिळाला आहे, 'पथेर पांचाली'पासून 'आगंतुक'पर्यंत.

सुरुवात अर्थात 'श्यामची आई'चे दिग्दर्शक अत्रे यांच्यापासून. चित्रपटांना राष्ट्रीय पातळीवर गौरवण्याची पद्धत १९५४ मध्ये सुरू झाली. आदल्या वर्षीच्या चित्रपटांतून निवड करायची होती आणि देशातलं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक 'श्यामची आई'ला मिळालं. त्याच वर्षी बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' स्पर्धेत होता आणि त्याला गुणवत्ता प्रमाणपत्रावर समाधान मानावं लागलं, ही गोष्ट आपण मराठी माणसं सहसा सांगत नाही. 'दो बिघा जमीन'ला कान महोत्सवात आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालं. जगभरच्या चित्रपट अभ्यासात आजही तो शिकवला जातो. 'श्यामची आई' मात्र महाराष्ट्राबाहेर फारशी कुणाला ठाऊक नाही. मग परीक्षक चुकले का?

निकाल आज द्यायचा तर माझं मत बिमल रॉय यांच्या पारड्यात पडेल. कलकत्त्याच्या रस्त्यावर हातरिक्षा ओढणारा बलराज साहनी ज्या मोकळ्या उजेडात दिसतो, तो उजेड अत्र्यांच्या चित्रपटात नाही. अत्रे नाटकाचे माणूस. पात्रं समोरासमोर उभी करायची, त्यांच्या तोंडी नेमकं वाक्य घालायचं आणि टाळी किंवा हुंदका वसूल करायचा, ही त्यांची रीत. कॅमेरा बहुतेक वेळ पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकासारखा एका जागी बसून असतो. त्यातून विषय एवढा पवित्र, की त्यावर टीका करणं म्हणजे आईवर टीका करणं. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं पुस्तक १९३५ मध्ये आलं आणि घराघरांत पोहोचलं. गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांना हा चित्रपट पाहायला मिळाला नाही. चित्रपट पाहायला गेलेला प्रेक्षक मात्र रडायची तयारी घरूनच करून आला होता.

म्हणजे माझ्या कसोटीवर हा चित्रपट आपटायला हवा. तो आपटत नाही, आणि त्याचं मोठं श्रेय वनमालाबाईंना आहे. ग्वाल्हेरच्या सरदार घराण्यातली ही मुलगी. सोहराब मोदींच्या 'सिकंदर'मध्ये ती भरजरी वेशात वावरली होती. कोकणातल्या कर्जबाजारी घराची गृहिणी म्हणून तिची निवड कागदावर तरी विचित्रच वाटते. पण या बाईंनी आईचा पुतळा होऊ दिला नाही. पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला ती झोडपते तेव्हा त्या मारात राग खरा आहे, आणि मागाहून येणारी माया त्या रागाची भरपाई म्हणून येत नाही. परिस्थितीने गांजलेली, मानी, वेळप्रसंगी कठोर बाई त्यांनी उभी केली. पुढच्या मराठी चित्रपटांतल्या आया त्यागाच्या ओझ्याने इतक्या वाकल्या की त्यांना चेहराच उरला नाही. वनमालाबाईंची आई मात्र मान ताठ ठेवून मरते. माधव वझे यांचा श्यामही गोड पोर म्हणून समोर येत नाही. हट्टी, पळपुटा, मधूनच खोटं बोलणारा मुलगा आहे तो. पुढे हेच वझे पुण्यात इंग्रजीचे प्राध्यापक आणि नाट्यसमीक्षक म्हणून नावारूपाला आले.

संस्कारांचा पाठ बाजूला ठेवला तर एका ब्राह्मण घराच्या आर्थिक घसरणीचा हा बारकाईने मांडलेला हिशेब आहे. सावकाराचा माणूस दारात येऊन बसतो, वडिलांचा अधिकार घरात पोकळ होत जातो, आणि हे सगळं एक मुलगा न कळता पाहत असतो. या बाजूने पाहिलं की 'दो बिघा जमीन' आणि 'श्यामची आई' ही भावंडं वाटू लागतात: दोन्हीत कर्ज आहे, जमीन आहे आणि लेकराच्या डोळ्यांदेखत होणारी मानहानी आहे. १९५३ च्या परीक्षकांनी ही दोन नावं एकाच यादीत घेतली, त्यामागे काहीएक दृष्टी असावी.

त्यानंतर पन्नास वर्षं काहीच नाही. ही पोकळी सांगताना तमाशापटांना आणि ऐंशीच्या दशकातल्या विनोदी चित्रपटांच्या लाटेला दोष द्यायची प्रथा आहे. ती मला अर्धवट वाटते. त्या काळात 'सामना', 'जैत रे जैत', 'सिंहासन' आणि 'उंबरठा' आले. चारही जब्बार पटेलांचे. त्यांना मराठीतल्या उत्कृष्ट चित्रपटाचे मान मिळाले, पण वरच्या पायरीवर कुणी बसवलं नाही. पलीकडे बंगालीत राय आणि मृणाल सेन होते, मल्याळममध्ये अडूर गोपालकृष्णन आणि अरविंदन, कन्नडमध्ये 'संस्कार' आणि 'घटश्राद्ध'. 'घटश्राद्ध'कडून हरण्यात कमीपणा नव्हता. पण १९७९ चं सुवर्णकमळ 'शोध' या हिंदी चित्रपटाला गेलं, ज्याचं नाव आज जाणकारांनाही आठवावं लागतं. आणि त्याच वर्षी 'सिंहासन' होता. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या, तेंडुलकरांची पटकथा आणि मुंबईच्या राजकारणाचं इतकं निर्विकार चित्रण, की त्यात कुणाची बाजू घ्यावी ते प्रेक्षकाला कळत नाही. 'सिंहासन'चा विषय दोन वाक्यांत सांगताच येत नाही. कदाचित तीच त्याची अडचण झाली असेल. गंमत म्हणजे आदल्याच वर्षी, १९७८ साठी, परीक्षकांनी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार कुणालाच दिला नव्हता.

मराठी माणसाच्या हातचं सुवर्णपदक म्हणाल, तर या पोकळीच्या सुरुवातीलाच एक होतं: शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ'ला १९५७ चं. कथा गदिमांची, संगीत वसंत देसाईंचं, आणि प्रेरणा औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या मुक्त तुरुंगाची. भाषा हिंदी असल्याने तो आपल्या मोजणीत येत नाही, इतकंच.

२००४ मध्ये निकाल लागला आणि 'श्वास'चं नाव आलं. पुरस्कार २००३ सालचे. सेन्सॉरचं प्रमाणपत्र ज्या वर्षीचं, त्या वर्षात चित्रपट मोजला जातो, त्यामुळे प्रदर्शनाच्या आणि पुरस्काराच्या वर्षांत असा फरक नेहमी पडतो. संदीप सावंत यांचा हा पहिलाच चित्रपट. कोकणातला परशा, त्याच्या दोन्ही डोळ्यांत कर्करोग, डोळे काढले तरच जीव वाचेल, आणि सोबत त्याचा आजा. एवढं ऐकूनच घसा दाटतो. पुढे काय झालं ते त्या काळी इथे राहणाऱ्या प्रत्येकाला आठवत असेल. भारतातर्फे ऑस्करला गेलेला हा पहिला मराठी चित्रपट. प्रचाराचा खर्च निर्मात्यांना झेपेना म्हणून लोकांनी वर्गणी काढली. गणपतीसाठी वर्गणी देणारा समाज चित्रपटासाठीही ती देतो हे तेव्हा दिसलं. नामांकन मिळालं नाही, पण मराठी चित्रपटात पैसा घालणं हा वेडेपणा नाही, असं निर्मात्यांना वाटू लागलं. मराठी चित्रपटाचा इतिहास सांगताना 'श्वासच्या आधी' आणि 'श्वासनंतर' असे दोन भाग आजही पाडले जातात.

हे सगळं चित्रपटाच्या कर्तृत्वात धरायचं की नाही? मी धरत नाही. आज 'श्वास' पुन्हा पाहताना खटकतं ते संगीत. प्रत्येक दुःखाच्या आधी ते आपल्याला सूचना देतं. बातमीदारांचा गोतावळा आणि इस्पितळातली धावपळ दूरचित्रवाणीवरच्या मालिकेच्या वळणाने जाते. संदीप कुलकर्णींचे डॉक्टर साने लिहिले गेलेत त्यापेक्षा बरेच चांगले वठले आहेत. मात्र दोन गोष्टी कसोटीला पुरून उरतात. एक म्हणजे अरुण नलावडे यांचा आजोबा. शहरात आलेल्या खेडूत म्हाताऱ्याची ती ओशाळलेली उभं राहण्याची पद्धत, डॉक्टरांच्या खोलीत कुठे पाहावं ते न कळणं, कागदावर सही करतानाचं अडखळणं. दुसरी गोष्ट म्हणजे शस्त्रक्रियेआधी मुलाला खरं सांगितलंच पाहिजे, हा डॉक्टरांचा आग्रह. आजारी माणसापासून आजार लपवण्याची आपली जुनी सवय या एका आग्रहाने उघडी पडते. शेवटी शस्त्रक्रियेच्या तोंडावर आजा नातवाला घेऊन इस्पितळातून निघून जातो, त्याला शहर दाखवायला. तो भाग पाहताना विषय विसरायला होतो, आणि म्हणून तोच सर्वांत चांगला.

'देऊळ'चा मामला वेगळा. २०११ च्या या पुरस्कारात वाटेकरी होता: ब्यारी भाषेतला पहिला चित्रपट, त्याचं नावही 'ब्यारी'च. दिग्दर्शक उमेश कुलकर्णी, लेखक आणि नायक गिरीश कुलकर्णी. 'वळू' आणि 'विहीर' या जोडीनेच केलेले. मंगरूळ गावातल्या केश्याला गुरं राखताना दत्ताचा दृष्टांत होतो. साधा, भाबडा गडी. त्याने हे चार लोकांत बोलून दाखवलं आणि गाव पेटलं. गावातल्या जुन्या अवशेषांत रमणारे अण्णा रुग्णालयाचा आराखडा घेऊन बसलेले असतात. तो बाजूला पडतो आणि देवळाचं काम निघतं.

पहिला तासभर हा चित्रपट पाचांमध्ये सर्वांत जिवंत आहे. पारावरची रिकामटेकडी पोरं, त्यांचे मोबाइल, पंचायतीतली खुसखुस, वर्तमानपत्रात नाव छापून येण्याची हौस. हे सगळं लिहिणाऱ्याने गाव बाहेरून पाहिलेलं नाही, ते त्याच्या कानात आहे. संवादांसाठी आणि अभिनयासाठी गिरीश कुलकर्णींना त्या वर्षी दोन्ही राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. संवादांचा तर नि:संशय हक्काचा. नाना पाटेकर आपला आवाज कमी ठेवू शकतात, याचा पुरावा म्हणून त्यांचे भाऊ पाहावेत. भाऊंना देवळाचा सोस नाही. मतांचं गणित त्यांना कळतं आणि ते हळूच बाजू बदलतात. ढोंग म्हणावं इतका काही तो बदल मोठा नसतो, आणि चित्रपटाची धार नेमकी तिथे आहे. देवाच्या नावाने चाललेल्या या धंद्यात खलनायक कुणीच नाही. भजीवाला, फोटोवाला, पार्किंगवाला, प्रत्येकाला पोट आहे.

मग मध्यांतरानंतर चित्रपटाला आपला विषय आठवतो. केश्याला पश्चात्ताप होऊ लागतो, अण्णांच्या तोंडी विचार येऊ लागतात, आणि नसीरुद्दीन शाह यांचं पात्र कुठून तरी उगवून केश्याशी तत्त्वज्ञानाच्या गोष्टी करतं. ज्या बाजाराची मजा घेत आपण हसत होतो, त्याबद्दल आता आपल्याला रागावलं जातं. दिग्दर्शकाला प्रेक्षकावर तासभर विश्वास होता, नंतर तो उडाला, असं वाटत राहतं.

'कोर्ट'बद्दल लिहायचं तर जागा कमी पडते. चैतन्य ताम्हाणे सत्ताविशीत होते, पहिलाच चित्रपट. २०१४ मध्ये व्हेनिसला ओरिझोंती विभागात सर्वोत्कृष्ट ठरला आणि पदार्पणासाठीचा पुरस्कारही घेऊन आला. मग सुवर्णकमळ, मग भारतातर्फे ऑस्करला. गटारात मेलेल्या सफाई कामगाराने एका लोकशाहिराचं गाणं ऐकून आत्महत्या केली, असा आरोप ठेवून पोलिस शाहीर नारायण कांबळेंना अटक करतात, आणि खटला चालू राहतो. झाला विषय सांगून. या विषयावर आपल्याकडे अन्यायाविरुद्ध गर्जना करणारा चित्रपट सहज झाला असता. ताम्हाणे यांनी कॅमेरा न्यायालयाच्या खोलीत लांबवर लावला आणि हलवलाच नाही. वकील इंग्रजी कलमं एका सुरात वाचतात, न्यायाधीश ती टंकलेखकाला सांगतात, मागे बाकांवर दुसऱ्या खटल्यांची माणसं पेंगतात. बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून एका बाईचं प्रकरण ऐकायलाच न्यायाधीश नकार देतात. मिनिटभराचा प्रसंग, पण तो संपतो तेव्हा घसा कोरडा पडतो.

खरी कमाल न्यायालयाबाहेर आहे. बचाव पक्षाचे वकील व्होरा मोठ्या दुकानात वाइन आणि चीज घेतात, गाडीत जॅझ ऐकतात. सरकारी वकील नूतन लोकलने घरी जाते, मुलाला घेते, स्वयंपाक करते आणि सुट्टीत कुटुंबासोबत नाटक पाहायला जाते, ज्यात परप्रांतीयाची टिंगल होते आणि सगळे खळखळून हसतात. गीतांजली कुलकर्णींनी ही बाई अशी उभी केली आहे की तिचा राग येत नाही. ती आपल्या शेजारी राहते. शाहिराला तुरुंगात पाठवायची मागणी ती ज्या थंडपणे करते, त्याच थंडपणे ती भाजी फोडणीला टाकते. या चित्रपटात दुष्ट कुणी नाही. 'देऊळ'ने अर्ध्यात सोडलेलं हे काम 'कोर्ट'ने तडीस नेलं.

आणि मृत कामगाराच्या बायकोची साक्ष. ही भूमिका उषा बाणे यांनी केली, ज्या स्वतः अशाच एका सफाई कामगाराच्या विधवा आहेत. आत उतरण्याआधी तो खडा टाकायचा, झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे असं समजायचा, हे त्या सरळ सांगतात. आवाज चढत नाही, डोळ्यांत पाणी नाही. खटल्याचा सगळा पाया या एका उत्तराने ढासळतो आणि तरी खटला संपत नाही. नारायण कांबळे झालेले वीरा साथीदार नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते, 'विद्रोही'चे संपादक. २०२१ मध्ये कोविडने गेले. पडद्यावरचा कांबळे आणि ते यांच्यात अभिनयाची फट दिसत नाही. शाहिरी संभाजी भगत यांची, म्हणजे तीही उसनी नाही.

न्यायालयाला सुट्टी लागते, दिवे विझतात आणि चित्रपट संपला असं वाटतं. तो संपत नाही. न्यायाधीश सहलीला गेले आहेत, एका नातलगाला मुलाच्या बोलण्याच्या अडचणीवर अंकशास्त्र आणि खड्याची अंगठी सुचवत आहेत. ज्याच्या हातात कांबळेंचं आयुष्य आहे तो माणूस हा. वजाबाकी करायला जावं तर 'कोर्ट'मध्ये विषयच सापडत नाही, तो प्रत्येक फ्रेममध्ये विरघळलेला आहे. माझ्या यादीत पहिला क्रमांक याचा, आणि दुसऱ्याशी अंतर बरंच.

'कासव'बद्दल थोडक्यात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या जोडीने 'दोघी', 'वास्तुपुरुष', 'देवराई', 'अस्तु' असे चित्रपट दिले. मोठ्या पुरस्काराची पाळी आली ती २०१६ च्या 'कासव'वर. नैराश्याने खचलेला तरुण, त्याला घरी आणणारी जानकी, कोकणच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणारी ऑलिव्ह रिडले कासवं. आलोक राजवाडे यांनी आजारी मनाचा जडपणा शरीरात उतरवला आहे. त्याला कुणी खोदून प्रश्न विचारत नाही, ही चित्रपटाची सभ्यता फार सुंदर. पण कासव म्हणजे काय, कवच म्हणजे काय, हे पात्रं एकमेकांना इतक्या वेळा समजावतात की प्रेक्षकाला काही शोधायला उरत नाही. या जोडीला हा मान 'वास्तुपुरुष'साठी मिळाला असता तर मी जास्त आनंदाने टाळ्या वाजवल्या असत्या.

तेव्हा माझा क्रम असा: 'कोर्ट', 'श्यामची आई', 'देऊळ', 'श्वास', 'कासव'. 'देऊळ'चा पूर्वार्ध वेगळा मोजता आला असता तर तो दुसरा आला असता. अत्र्यांचा चित्रपट एवढा वर ठेवल्याबद्दल तरुण वाचक नाक मुरडतील, त्यांनी तो मोठ्या पडद्यावर पाहावा आणि मग भांडावं. त्याच पुस्तकावरच्या सुजय डहाके यांच्या नव्या 'श्यामची आई'ला २०२३ सालासाठी उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, म्हणजे विषयाची पुण्याई अजून संपलेली नाही.

यादीबाहेरचा एक चित्रपट मात्र मला स्वस्थ बसू देत नाही. २०१३ चं सुवर्णकमळ 'शिप ऑफ थिसियस'ला मिळालं. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'ची दखल पदार्पणाच्या विभागात घेतली गेली, सोमनाथ अवघडे उत्कृष्ट बालकलाकार ठरला. 'शिप ऑफ थिसियस' बुद्धिमान आहे, देखणा आहे, आणि आपण बुद्धिमान असल्याचं त्याला सतत भान आहे. 'फँड्री'त डुकरामागे धावणारं कुटुंब राष्ट्रगीत कानावर येताच जागच्या जागी थांबतं आणि डुक्कर निघून जातं. एवढ्या एका प्रसंगात जितका देश मावला आहे तितका त्या वर्षीच्या दुसऱ्या कुठल्या चित्रपटात मला दिसला नाही. तो या पाचांत असता तर 'कोर्ट'नंतर आणि अत्र्यांच्या आधी बसला असता.